मुकं कथील

साल एक्क्याऐंशी आणि मला एकसष्ट चालू, म्हणजे शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी अंदाजानं जी तारीख लिहिली तिच्यावरून एकसष्ट, आई म्हणायची त्याच्याहून दोन वर्षं मोठा हायस तू. त्या साली आमच्या आळीमागच्या मुलींच्या शाळेत प्यायच्या पाण्यात शिसं निघालं आणि ते कुठून आलं याचा शोध सुरू झाला, बाटल्या भरल्या, नळ खोदला, सरकारी कागद आला, आणि तो शोध फिरत फिरत माझ्या भट्टीपाशी येऊन थांबला. तेच सांगायचंय. तुम्ही असं करा, ह्या डाव्या बाजूला बसा आणि जरा मोठ्यानं विचारा. आता सांगायला लाज नाय वाटत. तेव्हा वाटायची, आणि जे झालं ते त्या लाजेपायीच झालं.

मूळचा मी नांदगावकडचा. वडील कल्हई करायचे, बाजाराचे वार धरून गावोगाव फिरायचे, खांद्यावर भाता आणि पडशीत नवसागर, कापूस, कथील. आता तुमच्या घरात सगळं स्टील, तुम्हाला कल्हई काय ठाऊक, म्हणून सांगतो. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की ते कळकतं, पोटाला बाधतं, म्हणून आतून कथलाचा पातळ हात द्यायचा. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठतो, डोळ्यात जातो, मंग कथलाची कांडी आत टेकवायची, ती लोण्यागत पाघळते, कापसाच्या बोळ्यानं गर्रकन फिरवली की आतून चांदी. माझ्या कल्हईत तोंड दिसायचं. ही बढाई नाय, आळीत विचारा, अजून चार-दोन जण हायत सांगायला.

शाळा माझी दुसरीपर्यंत. मंग वडलांनी काढलं आणि भात्यावर बसवलं. त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती ऐकायची. कथील डोळ्यानं नाय, कानानं घ्यायचं. खऱ्या कथलाची कांडी कानापाशी धरून वाकवली की ती बोलते, नवी वहाण करकरते ना, तशी करकरते. त्यात शिसं मिसळलेलं असलं तर ती मुकी. शिसं स्वस्त, दिसायला तसंच, त्यामुळं मिसळणारे मिसळतात. वडील दुकानदारासमोर एकेक कांडी वाकवून बघायचे, बोलली तर पडशीत, मुकी निघाली तर त्याच्या गल्ल्यावर परत. मला म्हणायचे, गणपा, आपण केलेल्या भांड्यात कुणाचं तरी लेकरू जेवणार हाय. त्यांची शेवटची एक कांडी मी देव्हाऱ्यात ठेवलेली, दसऱ्याला हत्यारांबरोबर तिला हळद-कुंकू लागायचं.

विसाव्या वर्षी नाशकात आलो. तांबट आळीच्या तोंडाशी जागा मिळाली आणि तिथंच जन्म गेला. सकाळी ऊन आळीत उतरायच्या आत ठोके सुरू व्हायचे ते दिवेलागणीपर्यंत. पन्नास हातोडे एकदम. नवा माणूस आला की कानावर हात ठेवायचा आणि आम्ही हसायचो. तांबट एकमेकांशी हातानं बोलायचे, दोन बोटं म्हणजे दोन चहा. माझ्या भात्यावर आमची पारू, म्हणजे माझी बायको, तीस वर्षं तिनं भाता हाणला.

आता काय सांगू तुम्हाला, कान कधी गेले ते माणसाला कळत नाय. डोळे गेले तर कळतं, ठेच लागते. कान गेले की वाटतं लोकच हल्ली पुटपुटायला लागलेत. मी तसंच म्हणायचो. पोरांना म्हणायचो, तोंडात गुळणी धरून बोलता काय रे. रेडिओ दुरुस्तीला दोनदा नेला, तो दुकानदार म्हणाला याला काय धाड भरलीय, मी म्हणलं तुलाच कळत नाय. पारू हाक मारायची सोडून खांद्याला हात लावायला लागली. मला वाटलं वय झालं, प्रेम वाढलं.

आणि कथील घेताना कांडी कानापाशी धरायचो, वाकवायचो, मान हलवायचो. आवाज आला नाय तर म्हणायचो ठोक्यांत बुडाला. बोटांना झिणझिण लागायची, खरं कथील वाकवताना लागते तशी, म्हणून मी म्हणायचो बोलतंय, बोलतंय. ती झिणझिण वाताची होती, हे मंग कळलं. ज्याच्याकडून कथील घ्यायचो तो जुना म्हातारा तोवर वारला होता आणि गादीवर पोरगा बसलेला. त्यानं किती दिवसांत ओळखलं असेल की ह्या बाबाला ऐकू येत नाय? महिना? मला वाटतं पहिल्याच दिवशी ओळखलं. त्याला मी लय शिव्या दिल्या, पण वडलांनी परीक्षा मला शिकवली होती, त्याला नाय.

आता शाळेचं. स्टील आलं तशी आळी बसायला लागली. तांबटांची पोरं सातपूरला, अंबडला कारखान्यात लागली, माझाही मुलगा पाळीवर जायचा. घरोघरची कल्हई कमी झाली. पण मुलींच्या शाळेत तांब्याची दोन मोठी पिंपं होती, माझ्या छातीएवढी, पितळी तोट्यांची. एका व्यापाऱ्यानं आईच्या नावानं दिलेली, आमच्याच आळीत घडवलेली. त्यानं एक नेम घालून दिलेला, शिवरात्र झाली की उन्हाळी सुट्टीपर्यंत रोज त्या पिंपांत लिंबं पिळायची, गूळ घालायचा आणि मुलींना सरबत द्यायचं, पुण्य आईला. आंबट तांब्यात ठेवायचं म्हणजे कल्हई हवीच. ती मी दर संक्रांतीला करून द्यायचो, घ्यायचो काही नाय. शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे तिथल्या मुख्य, सगळ्या मुलींसमोर सांगायच्या, हे आपले गणपतबाबा, यांच्यामुळं आपण स्वच्छ पाणी पितो. आमची नात नंदा पाचवीत होती, ती मैत्रिणींकडं बघायची, मंग माझ्याकडं. तेवढ्यासाठी माणूस वर्षभर धूर खातो.

त्या उन्हाळ्यात नंदाचं पोट दुखायला लागलं. पारूनं ओवा दिला, हिंग लावला, दृष्ट काढली. पोरगी पांढरी पडली, परवचा म्हणताना पेंगायची. आणखीन पाच-सहा मुलींना तसंच. दवाखान्यातले म्हणाले जंत, औषध दिलं, गुण नाय. म्युनिसिपालिटीनं पाणी नेलं, जंतू नायत म्हणून कळवलं.

तेव्हा शिरसाठ बाई माझ्याकडं आल्या. विज्ञान शिकवायच्या, नवीनच लागलेल्या, बारीक चणीच्या, सायकलवरून यायच्या. त्यांचे वडील छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून जुळवून आजारी पडलेले, म्हणून त्यांना ते दुखणं घरातच ठाऊक. त्यांनी नंदाचा ओठ उचलून बघितला होता, हिरडीच्या कडेला निळसर काळी रेघ. तशीच रेघ त्यांनी वडलांच्या तोंडात बघितलेली. मला म्हणाल्या, बाबा, रागावू नका, पण तुमच्या कल्हईत शिसं असू शकतं का?

मी भट्टीवरून उठलो. म्हणलं, बाई, पन्नास वर्षं झाली मला ह्या धंद्यात. चाळीस वर्षं ह्याच जागेवर. आणि आता तुम्ही आम्हाला पाणी शिकवणार?

बाई कॉलनीतल्या बौद्ध घरातल्या. मी कुठल्या पाण्याबद्दल बोललो ते त्यांना कळलं आणि मलाही कळलं, तोंडातून गेल्यावर कळलं. पारूनं भाता थांबवला. बाई मोठ्यानं म्हणाल्या, मला नीट ऐकू यावं इतक्या मोठ्यानं, म्हणाल्या, बाबा, माझ्या आजोबांना लोक वरून ओंजळीत पाणी ओतायचे. त्या पाण्यात शिसं तरी नव्हतं. आणि सायकल घेऊन गेल्या. ते मी बोललो ते वाईट बोललो. पुढं मी माफी मागितली, पण बोललेलं राहतं.

दोन दिवसांनी त्यांनी मला शाळेत बोलावलं. टेबलावर तीन बाटल्या, एकीत नळाचं पाणी, दुसरीत पिंपातलं, तिसरीत पिंपातलं लिंबाचं पाणी, ते त्यांनी आटवून आटवून बादलीचं पेलाभर केलेलं. एक औषध थेंब थेंब टाकलं. नळाचं तसंच राहिलं, पिंपाचं फिका चहा झालं, लिंबाचं पार काळं. मोठ्या बाई तोंडाला पदर लावून बघत होत्या. मी म्हणलं, तांबं पण काळं पडतं बाई, मी धातूतला माणूस हाय, मला फसवू नका. शिरसाठ बाई म्हणाल्या, बरोबर बोललात, तांबंही काळं पडतं. म्हणून त्यांनी दुसरं औषध काढलं, आणि त्या लिंबाच्या पाण्यात तळाला पिवळं बसलं, अस्सल हळदीसारखं पिवळं. म्हणाल्या, हा शिशाचा रंग. पक्कं कळायला बाटल्या सरकारी प्रयोगशाळेत पाठवल्यात.

मी म्हणलं, शिसं असेल तर तुमच्या नळात असेल. जुनी शाळा, जुना नळ, पूर्वी शिशाचे नळ घालायचे, खोदा. मी असा काही अडून बसलो की मोठ्या बाईंनी खरंच अंगण खोदायला लावलं. पिंपं बंद करा असं शिरसाठ बाई म्हणत होत्या, पण मोठ्या बाईंना दात्याची भीड, आणि माझीही. म्हणाल्या, कागद येईपर्यंत ज्यांना नको त्यांनी घरून पाणी आणावं.

आणि इथं मी जे केलं ते ऐका. लिहून घ्या, गाळू नका. मी रोज मधल्या सुट्टीत शाळेत जायचो, सगळ्यांसमोर पिंपाची तोटी सोडून दोन पेले प्यायचो आणि तिसरा पेला भरून नंदाच्या हातात द्यायचो. पी, म्हणायचो, तुझ्या आबाचं काम हाय. पोरगी प्यायची. पोट धरून प्यायची. पंधरा-सोळा दिवस.

अंगण खोदून झालं, नळ लोखंडी निघाला. मंग कागद आला. शिसं हाय, नळाच्या पाण्यात नाय, पिंपातल्या पाण्यात हाय. मोठ्या बाईंनी पिंपांच्या तोट्या बांधून टाकल्या आणि मला ऑफिसात बोलावलं. शिरसाठ बाई होत्या, नंदाला घेऊन पारू आलेली. मी कथलाची कांडी बरोबर नेली. मनात म्हणलं, कागद काय, कागद कुणीही लिहितं, इथं ह्यांच्या कानाला ऐकवतो. टेबलापाशी उभा राहिलो. म्हणलं, शिकलेल्या माणसांनो, खरं कथील बोलतं, मुकं असेल तर त्यात शिसं, ही आमची परीक्षा, तुमच्या बाटल्यांच्या आधीची. ऐका. आणि कांडी कानापाशी धरून वाकवली. बोटांना झिणझिण आली. म्हणलं, ऐकलं? बोललं का नाय?

कुणी काही बोलेना. मला वाटलं पटलं. छाती फुगवून मी परत वाकवली, म्हणलं, हे बघा, हे बघा कसं करकरतंय. मोठ्या बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. शिरसाठ बाईंनी मान खाली घातली, आणि त्या बाईनं, जिला मी तसलं बोललो होतो तिनं, मला तोंडावर काही म्हणलं नाय. पारूच्या डोळ्यात पाणी. तेवढ्यात नंदा माझ्या धोतराला धरून काहीतरी म्हणाली. मी म्हणलं, काय? ती परत म्हणाली. मी वाकलो, तिनं माझ्या कानाला तोंड लावलं. आबा, आवाज येतच नाय.

मी तिच्यावर हात उगारला. मारलं नाय, पण उगारला. आणि घरी आलो.

ऊन कलल्यावर देव्हाऱ्यातली वडलांची कांडी काढली आणि पारूला म्हणलं, इकडं ये. तिच्या कानापाशी धरून वाकवली. ती म्हणाली, बोलते. मंग माझी कांडी वाकवली. तिनं मानेनंच नाय म्हणलं. मी म्हणलं नीट ऐक, तुझंही वय झालंय. ती म्हणाली, अहो, मला शेजारणीच्या घरातला कुकर ऐकू येतो.

तरी मी हट्टी. आमच्यात आणखीन एक परीक्षा असते, शिसं असलेली कांडी कागदावर ओढली की पेन्सिलीसारखी उमटते, खरं कथील उमटत नाय. ती परीक्षा मी कधी केली नाय. ज्याला कान नायत त्यानं ती करावी, असं म्हणायचो मी, आळीत सगळ्यांना हसत म्हणायचो. नंदाची वही घेतली. वडलांची कांडी ओढली, कागद कोरा. माझी ओढली. काळी रेघ उठली, अशी ठळक की तिच्यानं गणित लिहावं.

पारूला म्हणलं, तुला ठाऊक होतं माझे कान गेले? म्हणाली, सात-आठ वर्षं झाली. मंग सांगितलं का नाय? ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतं. मी भात्यावर बसायचे, मला वाटायचं भट्टी मला दिसते, गिऱ्हाईक काय म्हणतं ते मी सांगते, भागतंय. कथील तुम्ही एकटे बाजारात जाऊन आणायचात, तिथलं माझ्या डोक्यातच आलं नाय. आणि ती रडली. मी नाय रडलो. माझ्या डोक्यात गल्ल्या-आळ्या फिरत होत्या, संक्रांती फिरत होत्या. तो पोरगा गादीवर बसल्यापासूनच्या दोन-तीन वर्षांत मी किती भांडी केली? कुणाच्या घरात चिंचेचं सार, कुणाच्या घरात ताकाची कढी, बाळंतिणीचा हंडा. घर घर आठवायला लागलं.

आज आठ वर्षं झाली त्याला. नंदा बरी हाय, डॉक्टरांनी औषधं दिली, हिरडीची रेघ हळूहळू गेली, यंदा मार्चात तिचं लग्न झालं. पण दहावीत गणितात दोनदा बसली तेव्हा मी कोपऱ्यात बसून माझे पेले मोजत होतो. डॉक्टर म्हणाले तसं काही सांगता येत नाय बाबा. सांगता येत नाय म्हणजे नाय असं पण नाय ना. तिला मी एकदा विचारलं, तुला राग येतो का माझा. ती हसून काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाय आणि परत विचारायची हिंमत झाली नाय. सुखी राहो पोरगी. त्या सगळ्या पोरी सुखी राहोत, कुठं कुठं नांदत असतील.

तर ती वही बघितली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं ते सांगतो आणि थांबतो. पारूला घेऊन शाळेत गेलो, प्रार्थना चालू होती. ती संपल्यावर मोठ्या बाईंना म्हणलं, मला बोलायचंय. नंदाला पुढं बोलावलं, तिच्या हातात दोन्ही कांड्या दिल्या, म्हणलं वाकव आणि सगळ्यांना सांग. तिनं सांगितलं, मोठ्यानं सांगितलं, मलाही ऐकू आलं. मंग मी म्हणलं, पोरींनो, तुमच्या पाण्यात शिसं माझ्या हातून गेलं, माझे कान गेलेत आणि मी ते लपवलं. शिरसाठ बाईंकडं बघून हात जोडले. त्यांनी माझे हात खाली केले, म्हणाल्या, आधी पिंपं, बाबा. अंगणात भट्टी पेटवली, पारूनं भाता धरला, पिंपं तापवून आतला सगळा थर पुसून काढला, तांबं लाल दिसेपर्यंत. ते बोळे मी तिथंच खड्ड्यात पुरले. नऊ वाजले असतील. मंग पडशी खांद्यावर टाकली आणि आळीपासून सुरुवात केली. चाळीस वर्षांची हाळी, कल्हईऽऽ, तीच दिली, पण पुढं म्हणलं, कल्हईवाल्या गणपतनं केलेली भांडी बाहेर काढा, त्यांत शिसं हाय, आंबट करू नका, थर पुसून देतो. वरच्या मजल्यांवर खिडक्या उघडत होत्या का, कोण ओ देत होतं, कोण शिव्या देत होतं, मला काही कळत नव्हतं. पारू माझ्या शेजारून चालत होती. जिथून आवाज यायचा त्या दाराशी ती माझा हात ओढून थांबवायची, आणि मी भांडं घ्यायला वाकायचो.